मोटारीचा घात उतारावर

खोपोली सोडून बोरघाट चढताना वाफ ओकत थांबलेली जुनी मोटार अनेकांच्या आठवणीत असेल. १८३० साली चाकाच्या वाहनांसाठी खुल्या झालेल्या या वाटेने इंजिनांचा खूप घाम काढला. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकून ड्रायव्हर पुढे निघायचे ते याच चढाच्या धास्तीने. पण त्या इंजिनांचं लोखंड खऱ्या अर्थाने खाल्लं जायचं ते इंजिन थंड असताना.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर त्याची वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. सिलिंडरची भिंत थंड असेल तर तीच वाफ तिच्यावर दवासारखी साचते. पेट्रोलमधल्या गंधकाचाही जळून वायू होतो. तो या दवात विरघळतो आणि आम्ल तयार होतं. बिडाच्या सिलिंडरवर गंजाचा अगदी पातळ थर चढतो, पिस्टनची रिंग पुढच्याच फेरीत तो खरवडून काढते आणि आम्लाला पुन्हा कोरा धातू मिळतो. सिलिंडरच्या झिजेचा दोष पूर्वी धुळीला आणि घर्षणाला दिला जाई. थंड इंजिनात त्यामागे मुख्यतः हे रासायनिक गंजणं असतं, हे १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या प्रयोगांनी दाखवलं.

आता खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारी जुनी मोटार बघा. गिअर टाकलेला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला, समोरून वारा आणि धो धो पाऊस. इंजिन थंड असताना रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट सुरुवातीच्या कित्येक इंजिनांना नव्हता. जळण नावापुरतं, थंडावा मात्र भरपूर. खाली सपाटीला पोचेपर्यंत भिंती आम्ल साचायला अगदी योग्य झालेल्या असणार.

काही गंधक तर जळण्याआधीच काम साधतं. हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन ही गंधकाची संयुगं तांब्या-पितळेला काळं पाडतात, आणि कार्ब्युरेटरचे जेट, फ्लोट, पेट्रोलची नळी हे सगळं त्याच धातूंचं. म्हणून आजही चकचकीत घासलेली तांब्याची पट्टी ५० अंश सेल्सियसच्या पेट्रोलमध्ये तीन तास बुडवून तिचा रंग तपासतात. अशी साधी, प्रामाणिक चाचणी मला फार आवडते.

भारतात २००० साली पेट्रोलच्या दहा लाख भागांत गंधकाचे १,००० भाग चालत. १ एप्रिल २०२०पासून मर्यादा १० आहे. त्यामुळे गंधकाची भीती जवळपास संपली, पण जुन्या गाड्यांपुढे आता इथेनॉल आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, तिथला पत्रा गंजतो आणि कार्ब्युरेटरच्या जस्त-मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. घाटाखालच्या कर्जत-खालापुरात पावसाळ्याचे चार महिने हवेत ओलच ओल असते. इथल्या गॅरेजात हौसेची जुनी गाडी पावसाळाभर ठेवायची असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करा. टाकी पूर्ण कोरडी करा किंवा काठोकाठ भरा, अर्धी ठेवू नका. आणि अधूनमधून गाडी सुरू केलीच, तर दोन मिनिटांत बंद न करता पुरती तापेपर्यंत चालवा.