जुन्या वाद्याला नवी खुंटी

[वाद्याचा एखादा भाग तुटला किंवा झिजला, तर त्याच्या जागी दुसरा भाग बसवावा लागतो. तो कसा शोधावा आणि घाई केल्यास काय नुकसान होते, हे या पाठात समजावून सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे जंगलांचे जिल्हे आहेत. पूर्वी हा एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. येथे साग आणि बांबूची दाट जंगले आहेत आणि भाताची शेती आहे. या परिसराला 'झाडीपट्टी' म्हणतात.

झाडीपट्टीचे लोक नाटकांचे मोठे शौकीन आहेत. भाताची कापणी झाली, दिवाळी आली, की गावोगावी नाटकांचे मंडप उभे राहतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. होळीपर्यंत हा हंगाम असतो. वडसा हे गाव या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठिकाण आहे. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' हा किताब मिळाला. नाटकात गाणी असतात आणि गाण्यांना साथ करणारे वादकही असतात. नाटकांशिवाय लग्नाचे वाद्यवृंद असतात, कव्वालीच्या मैफिली असतात. म्हणजे या जंगलाच्या मुलखात वाद्ये पुष्कळ आहेत. पण वाद्यांची दुकाने मात्र दूर आहेत. सिरोंचा येथून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि गडचिरोलीहून नागपूर आणखी पुढे.

समजा, तुमच्या ओळखीच्या एका तरुणाने जुनी बेस गिटार विकत घेतली आहे. तो लग्नाच्या वाद्यवृंदात वाजवतो. आठ दिवसांवर कार्यक्रम आला आणि गिटारची एक खुंटी तुटली. आता त्याने काय करावे? सरळ बस पकडून नागपूरला जावे काय? नाही. बसमध्ये बसण्यापूर्वी त्याने घरीच एक काम करायला हवे. ते काम कोणते, हे समजण्यासाठी आधी बेस गिटार म्हणजे काय ते पाहू.

बेस गिटारला बहुधा चार तारा असतात. त्या जाड असतात आणि त्यांचा आवाज साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खालचा असतो. तिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती एका सेकंदात सुमारे ४१ वेळा कंप पावते. पूर्वी हे खालचे सूर वाजवण्यासाठी माणसापेक्षा उंच असे लाकडी वाद्य वापरत. ते उभ्याने वाजवावे लागे, प्रवासात नेणे कठीण होई आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जाई. १९५१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवून वाजवता येईल अशी विजेची बेस गिटार बाजारात आणली. तिच्या गळ्यावर धातूचे पडदे होते, त्यामुळे सूर अचूक लागत. उर्दूत ज्याला तुम्ही 'परदा' म्हणता, तोच हा मराठीतला 'पडदा'. सतारीलाही असेच पडदे असतात.

या गिटारमध्ये तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. लोखंडी तार कंप पावली, की वेटोळ्यात अगदी थोडी वीज निर्माण होते. ती वीज वायरमधून अँप्लिफायरकडे जाते आणि स्पीकरमधून आवाज निघतो. म्हणून या गिटारला पोलादाच्याच तारा लागतात. सतारीची पितळी तार तिच्यावर चढवली, तर पिकअपला ती कळणारच नाही.

आता खुंटीकडे वळू. खुंटी फिरवून तार ताणतात किंवा सैल करतात. बेस गिटारच्या खुंटीला दातेरी चक्र असते. किल्ली सुमारे वीस वेळा फिरवावी, तेव्हा तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो. त्यामुळे तार हळूहळू ताणली जाते आणि आपोआप सैल होत नाही. चारही तारांचा ताण मिळून सुमारे पाऊणशे किलो भरतो. एखादा मोठा माणूस सतत गिटारला लोंबकळत आहे, असे समजा! म्हणून कोणताही भाग उघडण्यापूर्वी तारा हळूहळू सैल कराव्यात.

दुकानात जाऊन "गिटारची खुंटी द्या" एवढेच म्हटले, तर दुकानदार बहुधा साध्या गिटारची खुंटी देईल. दिसायला ती सारखीच असते. पण साध्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे सव्वा मिलिमीटरची असते आणि बेस गिटारची अडीच मिलिमीटरहून जाड. ती तार त्या खुंटीच्या खाचेत शिरणारच नाही. शिवाय सगळ्या बेस गिटारच्या खुंट्याही सारख्या नसतात. काही खुंट्यांना लाकडात सुमारे १४ मिलिमीटरचे छिद्र लागते, तर काहींना १७ ते १८ मिलिमीटरचे. काही गिटारच्या चारही खुंट्या एकाच बाजूला असतात, तर काहींच्या दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे असतात. डावीकडची खुंटी उजवीकडे बसवता येत नाही.

म्हणून आपल्या तरुणाने घरीच करायचे काम म्हणजे मोजमाप. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हे उपकरण असेल. त्याने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजता येते. साध्या पट्टीने एवढे बारीक माप घेता येत नाही. या गोष्टी मोजून वहीत लिहाव्यात :

१. लाकडातील छिद्राचा व्यास.
२. खुंटीच्या खांबाची जाडी आणि उंची.
३. स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर.
४. खुंटी डाव्या बाजूची की उजव्या बाजूची.

मग तुटलेली खुंटी कागदात गुंडाळून सोबत घ्यावी. तुटलेला भाग कधीही फेकू नये. तोंडी वर्णनापेक्षा तो भाग दुकानदाराला जास्त सांगतो. खुंटीचा रंग आणि चकाकी सर्वांत शेवटी पाहावी.

तारेचे दुसरे टोक ज्या धातूच्या भागावर टेकते, त्याला घोडी म्हणतात. पुष्कळ लोकांना जुनी गिटार आपल्या मनासारखी करून घ्यायची हौस असते. ते जुनी घोडी काढून नवी, जड आणि चमकदार घोडी बसवतात. येथे तर मोजमापाला फारच महत्त्व आहे. नेहमीच्या बेस गिटारमध्ये तारेचा कंप पावणारा भाग ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असतो. बारावा पडदा याच्या बरोबर मध्यावर, ४३२ मिलिमीटरवर असतो. घोडी थोडी जरी पुढे सरकली, तरी मोकळी तार सुरात लागते आणि पडद्यावर दाबलेली तार मात्र बेसूर होते. म्हणून घोडीवर प्रत्येक तारेसाठी मागेपुढे सरकणारा छोटा तुकडा असतो. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर चढा लागला, तर तो तुकडा मागे न्यावा. उतरलेला लागला, तर पुढे आणावा. दोन तारांमधील अंतरही मोजावे. अनेक गिटारमध्ये ते घोडीपाशी १९ मिलिमीटर असते. पण सर्व गिटारमध्ये नसते.

लहान वस्तूही फसवतात. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाचेच उदाहरण घ्या. काही देशांत मापे मिलिमीटरमध्ये धरतात, तर काही ठिकाणी इंचात. त्यामुळे बटण ज्या दांडीवर बसते, ती कधी ६ मिलिमीटरची असते, तर कधी पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. फरक फक्त ०.३५ मिलिमीटरचा! पण लहान बटण मोठ्या दांडीवर ठोकून बसवले, तर ते तडकते. स्क्रूंचेही तसेच आहे. इंचाचा स्क्रू मिलिमीटरच्या आट्यांत जोर लावून पिळला, तर आटे कायमचे खराब होतात.

आणि नेमक्या मापाचा भाग मिळालाच नाही तर? येथे एक नियम लक्षात ठेवा. वाद्याला साजेसा भाग शोधावा. भागासाठी वाद्य कापू नये. लाकडात एकदा मोठे छिद्र पाडले, की ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. छिद्र मोठे आणि खुंटी लहान असेल, तर मध्ये धातूचे कडे बसवता येते. चंद्रपूर, बल्लारपूर अशा कारखान्यांच्या शहरांत लेथ मशीनवर काम करणारे कारागीर असतात. नेमके माप दिले, तर ते असे कडे कातून देतात. स्क्रूचे छिद्र झिजले असेल, तर बांबूची बारीक काडी लाकडाच्या गोंदात बुडवून त्यात बसवावी, ती वाळू द्यावी आणि मग स्क्रू लावावा. गडचिरोलीत बांबूची काय कमतरता!

आता सतार आणि तंबोरा पाहू. यांची गोष्ट वेगळी आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी सतार आणि तंबोरे बनवण्यास सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. हत्यारांवर चालणारा हात वाद्यांवर चालू लागला आणि पुढे या घराण्याला 'सतारमेकर' हेच नाव पडले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

सतारीच्या खुंटीला दातेरी चक्र नसते. ती लाकडाची असून एका टोकाला निमुळती असते आणि केवळ घट्ट बसल्यामुळे जागेवर राहते. सरकू लागली, तर तिला खडूची पूड लावतात. कारागीर प्रत्येक खुंटी तिच्याच छिद्रासाठी घासून बसवतो. म्हणून एका सतारीची खुंटी दुसऱ्या सतारीला लागेलच असे नाही. तिच्या घोडीचा वरचा भागही कारागीर कानाने ऐकत ऐकत घासतो. या कामाला 'जवारी काढणे' म्हणतात. कारखान्यातील भागासाठी माप घेऊन दुकानात जावे. पण सतारीसाठी सतारच घेऊन कारागिराकडे जावे.

पूर्वी सतारीच्या घोडीसाठी हरणाचे शिंग वापरत. जंगलाजवळ राहणाऱ्या मुलांनी याबाबत विशेष सावध राहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य प्राण्यांच्या शिंगांचा व्यापार हा गुन्हा आहे. जंगलात गळून पडलेले शिंग दिसले, तरी ते उचलून आणू नये. आता कारागीर घोडीसाठी दुसरे पदार्थ वापरतात आणि वाद्ये गोडच वाजतात.

तर मित्रांनो, आपल्या तरुणाकडे परत येऊ. त्याने तारा सैल केल्या, खुंटी काढली, मापे वहीत लिहिली आणि तुटलेला भाग खिशात घेऊन तो नागपूरला गेला. एका फेरीत त्याचे काम झाले. माप न घेता गेला असता, तर भाडे गेले असते, दिवस गेले असते आणि कदाचित कार्यक्रमही गेला असता. त्या कार्यक्रमावर त्याची कमाई होती. चुकीची खुंटी बसवण्यासाठी त्याने छिद्र वाढवले असते, तर गिटारही गेली असती.

हा धडा केवळ वाद्यांपुरता नाही. सायकल, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, काहीही दुरुस्त करायचे असो, आधी नीट पाहा, मग मोजा, मग लिहा. हातोडी आणि कानस यांची पाळी त्यानंतर.

शब्दार्थ

शौकीन – आवड असलेले
वाद्यवृंद – अनेक वादकांचा समूह
कंप पावणे – थरथरणे
व्यास – गोल वस्तूची मधोमध रुंदी
आटे – स्क्रूवरील गोल फिरणाऱ्या खाचा
निमुळती – टोकाकडे बारीक होत जाणारी
कानस – घासण्याचे पोलादी हत्यार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गडचिरोली जिल्हा केव्हा तयार झाला?
(आ) बेस गिटारला पितळी तार का चालत नाही?
(इ) 'शिकलगार' म्हणजे कोण?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दुकानात जाण्यापूर्वी खुंटीची कोणकोणती मापे घ्यावीत?
(आ) गिटारची खुंटी आणि सतारीची खुंटी यांत कोणता फरक आहे?

३. 'भागासाठी वाद्य कापू नये' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. उपक्रम : पडदा, तार, कारागीर, दुरुस्ती, शौकीन या शब्दांशी मिळतेजुळते उर्दू शब्द सांगा. त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात काही फरक आहे काय, ते पाहा.