हिऱ्याच्या चकतीतून एक मेगावॅट

पावसाळ्यात कोयनानगरहून एक बातमी हमखास येते: पायथा वीजगृहाचे एक युनिट सुरू, नदीपात्रात १०५० क्युसेक विसर्ग. हे युनिट २० मेगावॅटचे. दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या, भारताचाही वाटा असलेल्या ‘ईटर’ या संलयन प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात जवळपास एवढीच शक्ती सूक्ष्मलहरींच्या रूपाने हायड्रोजनच्या प्लाझ्मात सोडायची आहे.

संलयनासाठी प्लाझ्मा १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. प्लाझ्माला धरून ठेवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात त्यातले इलेक्ट्रॉन गरगर फिरतात. एका टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या. लहरींचा ताल या फेऱ्यांशी जुळला, की झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तशी इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत जाते. ईटरसाठी हा ताल १७० गिगाहर्ट्झचा; घरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो.

या लहरी जायरोट्रॉन नावाच्या निर्वात नळीत तयार होतात. आराखड्यात एकेका मेगावॅटचे २४ जायरोट्रॉन होते. त्यांपैकी दोन भारताच्या वाट्याचे. विजेच्या साधारण निम्म्याच भागाची लहर होते, म्हणजे कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिट लावली तरी वीज कमीच पडेल. उरलेली उष्णता पाण्याने वाहून न्यावी लागते.

खरी अडचण या नळीच्या दाराशी आहे. लहर बाहेर पडली पाहिजे, पण हवा आत शिरता कामा नये. सिरॅमिकची चकती सलग मेगावॅट सोसत नाही. मधोमध तापून तडकते. म्हणून तिथे कृत्रिम हिऱ्याची, दोन मिलिमीटरहूनही पातळ चकती बसवतात. तिच्यात लहरीचा हजारांशाहून कमी भाग मुरतो. हिरा तांब्याच्या चार-पाच पट वेगाने उष्णता वाहतो, त्यामुळे नुसत्या कडेने पाणी फिरवले तरी भागते. अशी चकती मिथेन आणि हायड्रोजनच्या, सूक्ष्मलहरींनीच पेटवलेल्या प्लाझ्मात थरावर थर चढवून वाढवतात. संलयनाच्या भट्टीच्या तोंडाशी तशीच दुसरी चकती ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार अडवते.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ४२ गिगाहर्ट्झचा, ५०० किलोवॅटचा जायरोट्रॉन आहे. त्याच वारंवारतेचा, २०० किलोवॅटचा देशी जायरोट्रॉन घडवण्याच्या कामात पिलानीच्या ‘सीरी’बरोबर मुंबईच्या पवईतली ‘समीर’ ही संस्थाही होती. गांधीनगरचा जायरोट्रॉन एका दमात अर्धा सेकंद चालतो. ईटरला तोच दम कित्येक मिनिटे हवा. हे अंतर कापण्याचे काम आता पदार्थशास्त्राचे आणि थंडाव्याच्या पाण्याचे आहे.