घांगळीची जुळवणी

शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या शेजारीं वारल्यांचीही वस्ती आहे. त्यांचा तारपा चित्रांतून शहरांतील घरोघरीं पोहोंचला. घांगळी मात्र मागेंच राहिली. बांबूच्या दांडीला दोन भोपळे व त्यांवरून जाणारी तार, असें हें वाद्य. कणसरी या धान्यदेवतेची कथा गातांना भगत तें वाजवितो.

अशा वाद्यावर स्वर कसे बसतात? मोकळी तार 36 अंगुळें लांब असून तिचा स्वर षड्ज मानला, तर 32 अंगुळांवर ऋषभ, 27 वर मध्यम, 24 वर पंचम व 18 वर तारषड्ज निघतो. गांधाराची गोष्ट निराळी. 30 अंगुळांवर तो कोमल, आणि सुमारें सव्वा अंगूळ लांबी कमी होतांच शुद्ध! पडदा मेणावर बसविलेला असला, तर मेण ऊन करून तो सरकवितां येतो, आणि एवढ्यानें सगळ्या चालीचा रंग पालटतो.

म्हणून असलें वाद्य पेटीशीं जुळविणें अन्यायाचें होय. पेटीचे स्वर कारखान्यांतच ठरतात, आणि तिचा शुद्ध गांधार अंमळ चढाच असतो. अशाच आक्षेपांमुळें 1940 मध्यें ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली. ती पुढें सैल झाली, हा भाग वेगळा. घांगळीची तार गाणाऱ्याच्या गळ्याशीं मिळवावी, मग पडदे तपासावे. बोट दाबतांच तार ताणली जाऊन स्वर किंचित् चढतो. सबब वरील आंकड्यांपेक्षां लांबी केसभर अधिक ठेवावी लागते.