कल्याण लोकलचे दोन आंतरछेद

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून सुटलेल्या गाडीने ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापले, असे सहसा सांगितले जाते. हा प्रवास कागदावर मांडू. आडव्या अक्षावर तीन वाजल्यापासूनची मिनिटे, उभ्या अक्षावर बोरीबंदरपासूनचे अंतर. वेग एकसारखा धरला, तर प्रवासाची एक तिरपी सरळ रेषा मिळते. ती आडव्या अक्षाला ३५ वर छेदते. हा वेळेचा आंतरछेद, म्हणजेच गाडी सुटण्याची वेळ. तीच रेषा मागे वाढवली, तर उभ्या अक्षाला शून्याच्या खाली, उणे २१ च्या जवळ छेदते. मग तीन वाजता गाडी बोरीबंदरच्या २१ किलोमीटर मागे होती काय? तिथे तर अरबी समुद्र! प्रत्यक्षात गाडी सुटायची होती. गणिताची रेषा दोन्हीकडे अमर्याद जाते, प्रवासाला मात्र आरंभ आणि शेवट असतो. म्हणून आंतरछेद काढणे सोपे. त्याचा अर्थ लावणे हे खरे काम.

बिंदूला दोन संख्यांनी ओळखण्याची पद्धत देकार्तच्या १६३७ सालच्या ‘भूमिती’ या ग्रंथातून रुजली. एतिएन-झ्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८८५ सालच्या पुस्तकात पॅरिस-लियाँ मार्गावरच्या गाड्यांचा असाच रेषांचा आलेख आहे. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात आजही गाड्यांची चाल अशाच तिरप्या रेषांनी पाहतात.

१ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला पोचला. आज तिथून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या एका काल्पनिक लोकलचा विचार करू. मुंबई टोकापासून कल्याण ५४, डोंबिवली ४८ आणि ठाणे ३४ किलोमीटर धरू. गाडी ७२ मिनिटांत पोचते असे समजू आणि थांबे सरासरीत मिसळू. क्ष ही कल्याणहून सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासूनची मिनिटे आणि य हे मुंबईपासूनचे अंतर मानले, तर समीकरण होते:

क्ष/७२ + य/५४ = १

यात य शून्य धरला की क्ष ७२ येतो, क्ष शून्य धरला की य ५४ येतो. उभ्या अक्षावरचा आंतरछेद सांगतो, निघालो कुठून. आडव्यावरचा सांगतो, कामाच्या गावी पोचलो कधी. अंतर घटत जाते, म्हणून रेषेचा चढ उणे आहे. डोंबिवलीला ही गाडी आठव्या मिनिटाला, ठाण्याला सुमारे सत्ताविसाव्या मिनिटाला येते.

आता गाडी मुंबईला दहा मिनिटे उशिरा पोचली. आडव्या अक्षावरचा आंतरछेद ७२ चा ८२ झाला. पण एवढ्यावरून उशीर कुठे झाला ते कळत नाही. गाडी कल्याणहूनच दहा मिनिटे उशिरा सुटली असेल, तर चढ तोच राहतो आणि रेषा समांतर सरकते. ती मागे वाढवली तर उभ्या अक्षाला ६१.५ वर, म्हणजे कल्याणच्याही साडेसात किलोमीटर पलीकडे छेदते. उलट गाडी वेळेवर सुटून वाटेत मंदावली असेल, तर उभा आंतरछेद ५४ च राहतो आणि चढ सौम्य होतो. पहिल्या प्रकारात डोंबिवलीकर पूर्ण दहा मिनिटे ताटकळतो. दुसऱ्यात त्याला गाडी जेमतेम एक मिनिट उशिरा मिळते, ठाणेकराला सुमारे चार मिनिटे. मुंबईच्या फलाटावर मात्र दोन्ही गाड्या ‘दहा मिनिटे उशिरा’च!

प्रत्यक्षात गाडी एखाद्याच टप्प्यात रेंगाळते आणि रेषेला तिथे कोन पडतो. पूर्ण थांबली, तर तेवढा तुकडा आडव्या अक्षाला समांतर होतो. आणि उभी रेषा कधीच दिसणार नाही, कारण शून्य मिनिटांत अंतर कापणारी गाडी नाही.

हा भेद केवळ वहीतला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला काढणे, हा तिचा हेतू. आपल्या भाषेत, रेषेचा चढ सांभाळणे. पण गाडी मुळातच उशिरा सुटत असेल, तर तिच्या मागच्या फेरीचा आलेख आधी पाहायला हवा. एका आंतरछेदातून अनंत रेषा जातात. दुसरा हाती आल्याशिवाय नेमकी रेषा ठरत नाही, आणि रेषा ठरल्याशिवाय उशिरावरचा उपायही ठरत नाही.