सावकाश द्या हो, पैशाचं काय एवढं!

तुळशीचं लग्न उरकलं आणि आम्ही बचत गटाच्या अकराजणी वही उघडून बसलो. दिवाळीच्या फराळाचा हिशेब करायचा होता. विक्री झाली होती १ लाख १२ हजारांची. सगळ्या खूश! चकली तर पुरलीच नाही, अनारशांची मागणी शेवटपर्यंत येत होती. चहा झाला, एकमेकींचं कौतुक झालं, आणि मग वहीची मागची पानं निघाली. उधारी, ४१ हजार ३०० रुपये. बँकेचा हप्ता दहा तारखेला.

नावं वाचायला लागलो तशा आमच्या माना खाली जायला लागल्या. आठवडी बाजारात आम्ही टेबल मांडलं होतं, तिथल्या अनोळखी गिऱ्हाइकांनी पै न् पै रोख मोजली होती. उधारी होती ती सगळी आपल्या माणसांची. कुणाची जाऊ, कुणाची शेजारीण, कुणाच्या मुलाच्या शाळेतल्या बाई. आणि यादीत सगळ्यात वर माझी सख्खी नणंद, २,७५० रुपये.

"पण आपण मागितले का कुणाकडे?" मी विचारलं.

कुणी बोलेना. मग एकीनं हळूच तोंड उघडलं, "त्यांनी विचारलं होतं हो, किती झाले म्हणून. मीच म्हटलं, सावकाश द्या हो, पैशाचं काय एवढं!"

मैत्रिणींनो, हे वाक्य अकराच्या अकराजणींनी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. मीसुद्धा.

आमच्या गटात एक मावशी आहेत. नवरा नाही, मुलगी नर्सिंग शिकते. हरभऱ्याची डाळ, तेल, रवा, साखर, सगळं सामान त्यांनी आपल्या नावावर किराणा दुकानातून उचललं होतं. त्यांच्या खात्यावर ९,६०० रुपये थकले होते. बैठकीत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. घरी जाताना कोपऱ्यावर मला थांबवून म्हणाल्या, "ताई, हल्ली मी शेटजींच्या दुकानावरनं जात नाही. मागच्या बोळातनं येते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या भिडेपोटी ही बाई स्वतःच्याच गावात बोळातून तोंड लपवून चालते!

मग विचार करायला लागले, की ही भीड आली कुठून? माझ्या माहेरी शेजारी वाटी गेली की ती रिकामी परत यायची नाही. आमटी गेली तर भाजी यायची, आणि घरात काही नसलंच तर चिमूटभर साखर घालून वाटी परत. आजीच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. दूध विकायची, पण ताक तिनं कधी विकलं नाही. ताक न्यायला गल्ली यायची. खाण्याचे पैसे घ्यायचे नसतात, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते आम्ही बघत बघत उचललं. आणि आता तीच चकली, तीच वाटीवाली शेजारीण, फक्त मध्ये किलोचा भाव आला आहे. जिभेला कसं जमणार?

त्यात आपली भाषाही कशी बघा. घरातले तांदूळ संपले असं आपण म्हणत नाही, तांदूळ वाढले म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. संध्याकाळी दुकानदार दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. "नाही", "संपलं", "द्या" हे शब्द आपण तोंडात घोळवून घोळवून गोड करतो. मला हे आवडतं, खोटं कशाला सांगू! पण उधारी वसूल करायला निघालं की हाच गोडवा घशात अडकतो.

काही वर्षांपूर्वी मुंबईला 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनात आमच्या गटाला गाळा मिळाला होता. शेजारच्या गाळ्यावर मणिपूरची एक बाई होती. हातमागाचे कपडे घेऊन आलेली. तिचं हिंदी तोडकंमोडकं, माझंही काही फार भारी नव्हतं. आमचं छान जमलं. एक दिवस तिच्याच गावाकडची, मुंबईत नोकरी करणारी एक मुलगी आली. दोघी अशा गळ्यात पडल्या की मला वाटलं, बहिणीच असाव्यात. हसणं, बोलणं, डोळ्यांत पाणी. मुलीनं एक शाल घेतली. बाईनं किंमत सांगितली, पैसे घेतले, मोजले, पिशवीत टाकले, आणि मग आपल्या डब्यातला खाऊ तिच्या हातावर ठेवला. मी बघतच राहिले. मी असते तर शालही दिली असती, खाऊही दिला असता, आणि महिनाभर नवऱ्याजवळ कुरकुर केली असती!

न राहवून विचारलं, "ओळखीच्या माणसाकडून पैसे घ्यायला अवघड नाही वाटत?" तिला प्रश्नच कळेना. दोनदा समजावून सांगितला तेव्हा ती हसली. "माझी आई बाजारात बसते. आईची आईपण बसायची."

तो बाजार म्हणजे इंफाळचा इमा कैथेल. इमा म्हणजे आई, कैथेल म्हणजे बाजार. आयांचा बाजार. तिथे विकायला फक्त बायकाच बसतात, त्याही परंपरेनं लग्न झालेल्या. भाजी, सुकी मासळी, हातमागाचे फनेक, भांडी, मूर्ती, काय वाट्टेल ते. अशा हजारो बायका. बसायची जागा बहुधा आईकडून मुलीकडे नाहीतर सासूकडून सुनेकडे जाते. मागे वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की मणिपूरच्या राजांच्या काळात 'लालुप' नावाची पद्धत होती. पुरुषांना ठरावीक दिवस राजाच्या कामावर जावं लागे, लढाई असली तर लढाईवर. मागे शेत आणि बाजार बायकांनी सांभाळला. १९०४ साली इंग्रज अधिकाऱ्यांचा जळालेला बंगला बांधून द्यायला पुरुषांना वेठीला धरलं, तेव्हा या बायका रस्त्यावर उतरल्या. १९३९ साली लोकांना खायला तांदूळ मिळेना आणि व्यापारी तो बाहेर पाठवत होते, तेव्हा पुन्हा उतरल्या. त्याला तिथे 'नुपी लान' म्हणतात, बायकांची लढाई. जिच्या आजीनं तांदळासाठी सरकारला अडवलं, तिला शालीचे पैसे मागायला कसली लाज? पैसा हा तिच्या घरात बाईच्याच कनवटीला होता. आपल्याकडे तो बाईच्या हातात आला तोच मुळी डाळीच्या डब्यात लपवलेला.

त्यांच्याकडे आपल्या भिशीसारखी 'मरूप' असते. दर महिन्याला पैसे जमवायचे आणि पाळीपाळीनं उचलायचे. म्हणजे साठवण्याची अक्कल आपल्यातही तेवढीच आहे हो! भिशीचा हप्ता चुकला तर आपण बरोबर फोन करतो. कारण भिशीत मागायची पाळी एकटीवर येत नाही, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. हे माझ्या लक्षात आलं ते मात्र फार उशिरा.

२०२३च्या मे महिन्यात मणिपूर पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आधी तिची आठवण झाली. तिचा नंबर होता माझ्याकडे. लागला नाही.

असो. आमच्या उधारीकडे येते. मी धीर करून त्या किराणा दुकानात गेले, मावशींच्या वतीनं मुदत मागायला. शेटजी मारवाडी, त्यांचे आजोबा आमच्या गावात आले. मराठी आपल्यापेक्षा अस्सल बोलतात. आपण त्यांना पाठीमागे चिक्कू म्हणतो, मीही म्हटलेलं आहे. त्यांनी मुदत तर दिलीच, वर चहा पाजला. मी म्हटलं, "शेटजी, तुम्ही इतक्या लोकांकडे मागता, तुम्हाला भीड नाही वाटत?"

"ताई, मी कुठं मागतो? वही मागते."

आणि त्यांनी दाखवलं. माल देताना आकडा गिऱ्हाइकासमोर मोठ्यांदा वाचायचा, त्याच्यासमोर लिहायचा, तारखेसकट. महिना झाला की मुलगा चिठ्ठी नेऊन देतो. चिठ्ठीवर फक्त आकडा. दिवाळीला लक्ष्मीपूजनात त्यांच्याकडे ही वही पाटावर असते, तिला हळदकुंकू वाहतात. आम्हीही लक्ष्मीपूजन करतो, पण आमच्या पाटावर दागिने असतात. हिशेबाची वही असते कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली!

'लिज्जत'ची गोष्ट आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. १९५९ साली गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपयांवर गच्चीत पापड लाटायला सुरुवात केली, ही. पण ते ८० रुपये त्यांनी उसने घेतले होते आणि तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही असं सुरुवातीलाच ठरवलं होतं, यावर कुणी थांबत नाही. लाटायचं काम घरात, पिठाचा गोळा न्यायचा, पापड आणून द्यायचे, लाटणावळ घ्यायची. घराबाहेर नोकरीला न जाणाऱ्या बाईच्या दिवसात बसेल असं काम. त्यांनी घरची रीत मोडली नाही, पण हिशेब मात्र घरगुती ठेवला नाही.

बांगलादेशात मोहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात कर्ज द्यायला सुरुवात केली, तिथे तर बायका परपुरुषासमोर येत नसत. ते बाहेर उभे राहत आणि त्यांच्या विद्यार्थिनी आत जाऊन बायकांशी बोलत. पुढे ग्रामीण बँकेनं परतफेड ठेवली ती आठवड्याच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत. त्या पद्धतीतही जाच होतो, गरीब बाईवर बाकीच्या बायकांचं दडपण येतं, अशी टीका झाली आहे आणि ती मला पटते. पण दारात जाऊन एकटीनं हात पसरायची वेळ तिथे येत नाही, हेही खरं.

आम्ही पुन्हा बैठक घेतली. भांडणं झाली. एक म्हणाली, नातं तुटेल. दुसरी म्हणाली, नातं काय चकलीवर टिकलं आहे का? शेवटी ठरलं की गटाच्या नावानं चिठ्ठ्या लिहायच्या, आणि आपापल्या नातेवाइकाकडे आपणच जायचं नाही, दुसरीनं जायचं. छान तोडगा होता. फक्त माझ्या नणंदेकडे जायला कुणी तयार होईना! मला गटात सगळ्या ताई म्हणतात ना, मग ताईंनीच आधी करून दाखवावं असं पडलं.

फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं, गुडघेदुखी झाली, भाच्याची परीक्षा झाली. मग म्हटलं, "ताई, तो दिवाळीचा फराळ... गटाचे २,७५० झाले आहेत."

पलीकडे शांतता. मग, "अगं, तू मला पैसे मागतेस?"

"मी नाही ताई, गट मागतो," असं म्हणायचं ठरलं होतं. घोकून ठेवलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं, "हो."

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर आमचा फराळाचा स्टीलचा डबा परत आला. लख्ख घासलेला. आत पाचशेच्या पाच नोटा, दोनशेची एक आणि पन्नासची एक. साखरेचा दाणा नाही. त्या घरातून आमचा डबा असा तेवीस वर्षांत पहिल्यांदा आला. सासूबाईंनी झाकण उघडून बघितलं, लावलं, आणि काही न बोलता डबा फळीवर ठेवला.

चिठ्ठ्यांनी काम केलं. महिनाभरात ३६ हजार आले. बँकेचा हप्ता नऊ दिवस उशिरा गेला, पण गेला. मावशींचं खातं शेटजींनी त्यांच्यासमोर रेघ मारून बंद केलं, आणि त्या आता पुढच्या रस्त्यानं येतात. राहिलेले पाच-साडेपाच हजार येतील असं मला वाटत नाही. त्यातले निम्मे एका अशा बाईंकडे आहेत, की ज्या भेटल्या की अजूनही म्हणतात, "तुमची चकली म्हणजे काय विचारता!"

आता टेबलावर क्यूआर कोडचा कागद चिकटवला आहे आणि भावाची पाटी लावली आहे. पुष्कळदा मागावं लागत नाही, लोक फोन काढतात. तरी ओळखीचं कुणी आलं की आमच्यातली एखादी पाटीवर हात ठेवून म्हणतेच, "अहो, राहू द्या..." मग दुसरी तिला चिमटा काढते.

संक्रांतीला हळदीकुंकवाला नणंदबाई आल्या नाहीत. डोकं दुखत होतं म्हणे. मी त्याच डब्यात तिळाच्या वड्या भरून पाठवल्या. डबा अजून आलेला नाही. सासूबाई रोज एकदा फळीकडे बघतात, मीही बघते.