किरणांआधी पोचलेलं गंधक
साल 1949. शिकागोजवळची अरगॉन प्रयोगशाळा. पांढऱ्या उंदरांवर एक्स-किरणांचा असा मारा, की बहुतेक उंदीर महिन्याभरात मेलेच पाहिजेत. हिरोशिमाला जेमतेम चार वर्षं झालेली. किरणांपासून वाचायचं तर शिशाची भिंत उभारा नाहीतर लांब पळा, एवढेच उपाय तेव्हा माणसाच्या हाती होते.

हार्वे पॅट आणि सहकाऱ्यांनी काही उंदरांना किरणांच्या थोडं आधी सिस्टीन टोचलं. हे काही जहाल रसायन नव्हे. आपल्या प्रथिनांतलंच गंधकयुक्त अमिनो आम्ल. आणि त्यातले बरेच उंदीर चक्क जगले! मग क्रम उलटा केला. आधी किरण, मग सिस्टीन. फायदा शून्य.

माझ्या मते खरा शोध या शून्यात होता. किरण शरीरातल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून निघालेली मुक्त मूलकं डीएनए तोडतात, आणि हा सगळा खेळ डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपतो. गंधकाला जोडलेला हायड्रोजन देऊन सिस्टीन त्या मूलकांना गप्प करतं, पण त्यासाठी ते पेशीत आधीच हजर हवं. मागाहून टोचलं तर वरातीमागून घोडं!

1951 मध्ये बेल्जियमच्या झेनॉन बाक यांना सिस्टीअमाइन हे सरस संयुग सापडलं. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेनं 1959 पासून चार हजारांवर संयुगं चाळली. त्यातलं डब्ल्यूआर-2721, म्हणजेच अमिफोस्टिन, सगळ्यांत उजवं ठरलं. पण त्यानं ओकाऱ्या होत, रक्तदाब उतरे. ओकणारा सैनिक लढणार कसा? लष्कराचं घोडं तिथं अडलं, कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र ते औषध उचललं.

सिरसाळ्यासारख्या गावातून तोंडाच्या कॅन्सरसाठी ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, घेऊन आलेल्या माणसाची लाळ आटते. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली तरी घशात अडकते, रात्री उशाशी तांब्या लागतो. शेकाआधी अमिफोस्टिन शिरेतून दिलं तर लाळग्रंथींची हानी कमी होते, कारण ते गाठीपेक्षा निरोगी पेशींत जास्त शिरतं. 1999 मध्ये अमेरिकेनं त्यासाठी मान्यता दिली. पण रोज सलाईनची सुई आणि रक्तदाबावर डोळा ठेवणं हे आपल्याकडच्या गर्दीच्या दवाखान्यांना झेपणारं नाही.

म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं काम मला जवळचं वाटतं. हिरव्या पानांतल्या हरितद्रव्यापासून बनणारं, खाद्यरंग म्हणून वापरलं जाणारं क्लोरोफिलिन तिथं उंदरांना दिलं, तेव्हा किरणांनी खचलेली अस्थिमज्जा सावरली. 2015 मध्ये हा निष्कर्ष छापून आला. टाटा मेमोरियलच्या साथीनं 2024 मध्ये त्यावरून ‘अ‍ॅक्टोसाइट’ गोळी आली. ओटीपोटाच्या शेकानंतर लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांना तिचा गुण आल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे इथं ‘नंतर’चा रस्ता थोडा किलकिला झाला. मात्र तिला मान्यता आहे ती अन्नपूरक म्हणून. औषध म्हणून मिरवायचं तर मोठ्या चाचण्यांतून पार पडावं लागेल.