गोल पानांतले रंग: मुलांसाठी घरी छापायची गंजिफा

बालवाडीतल्या मुलांसाठी छापून घ्यायची चित्रे हवी तेवढी मिळतात. सफरचंद लाल करा, पान हिरवे करा. कागद भरला की काम संपते. त्या रंगाचे पुढे काहीच करायचे नसल्याने दोन दिवसांत कागद रद्दीत जातो. रंगाला खरेखुरे काम देणारा एक खेळ आपल्याकडे आहे, सावंतवाडीची गंजिफा. तिची सोपी पाने घरच्या प्रिंटरवर छापता येतात, मुलांना रंगवायला देता येतात आणि त्याच पानांनी खेळताही येते. मला हे खेळणे सगळ्यात मोलाचे वाटते.

गंजिफा म्हणजे काय

हाताने रंगवलेले पत्ते, बहुतेक वेळा गोल. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत त्याने सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याचा उल्लेख आहे. मोगल गंजिफेत आठ गट आणि ९६ पाने असत. पुढे दशावतारी गंजिफा आली: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून बारा पाने, म्हणजे एकूण १२०. ओडिशात, बंगालमधल्या विष्णुपुरात आणि म्हैसुरातही गंजिफा होती, आपापल्या वळणाची.

सावंतवाडीत ही पाने चितारी रंगवत. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले तसे त्यांचे काम आटत गेले. १९७०च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, तेव्हा ती जाणणारे फारच थोडे उरले होते. आज तिथल्या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार पाने रंगवताना पाहता येतात. कोकणात किंवा गोव्याला जाताना मुलांना तिथे जरूर न्यावे.

रंग इथे काय करतो

प्रत्येक गटाची जमीन एका रंगाची असते. हातात चाळीस पाने धरली की प्रत्येकाची जेमतेम कडच दिसते. पान कुठल्या गटाचे, ते त्या कडेच्या रंगावरून कळते. त्यावर चिन्हे: मत्स्याला मासे, कूर्माला कासवे, परशुरामाला परशू. पंजीवर पाच मासे असतात, त्यामुळे आकडा वाचायची गरजच पडत नाही. अक्षरओळख नसलेले चार वर्षांचे मूलही म्हणून यात सामील होऊ शकते.

कुठल्या अवताराला कुठला रंग, हे गावागणिक आणि कारागिरागणिक बदलत आले आहे. काही चिन्हेही बदलतात. तेव्हा घरी मुलालाच ठरवू द्या. मासा आकाशी की पोपटी, हा निर्णय त्याचा. पण एकदा ठरले की बाराही पाने त्याच रंगाची झाली पाहिजेत. हे मुलांना वाटते त्याहून कठीण जाते. सातव्या पानाशी कंटाळा येतो, दुसरा खडू खुणावतो. आठवे पान दुसऱ्या रंगाचे झाले तर लगेच टोकू नका. खेळताना ते कुठल्या गटाचे, हे कुणालाच कळत नाही आणि मूल आपणहून ते दुरुस्त करायला बसते.

छपाई आणि पुठ्ठा

सहा सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे घेतली तर ए-फोर कागदावर आडवी तीन आणि उभी चार बसतात. एका कागदावर बरोबर एक गट. कात्रीसाठी कडेला जागाही उरते. फक्त काळ्या, जाडसर रेषा छापा. रंगीत शाई वाया घालवू नका. जाड कागद घरच्या प्रिंटरमध्ये अडकतो, म्हणून साध्या कागदावर छापून मागे पुठ्ठा लावावा. घरात साठलेल्या लग्नपत्रिका याला फार छान. जुने कारागीर चिंचोक्याची खळ वापरत. घरी कणकेची खळ पुरते. आधी रंगवा, मग चिकटवा, रात्रभर जड पुस्तकाखाली दाबून ठेवा आणि शेवटी कापा. पाठी मात्र सगळ्या एकाच रंगाच्या हव्यात, नाहीतर पान उलटे असतानाही ओळखू येईल.

वयाप्रमाणे

तीन-चार वर्षांच्या मुलांना दोनच गट द्या, एक्का ते पंजी. पाने मिसळायची आणि रंगाप्रमाणे वेगळी लावायची, एवढेच. पाच-सहाव्या वर्षी चार गट आणि मोजणी. सातव्या वर्षापुढे पूर्ण खेळाकडे जाता येते.

गोष्ट केव्हा सांगायची

हात रंगवण्यात गुंतलेले असताना. मासे रंगवताना मनूच्या नावेची गोष्ट, कासवाच्या वेळी समुद्रमंथन. गोष्टीवर प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नये. पान हातात आले की मूलच ती दुसऱ्याला सांगते. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले असतील तर मोगल गंजिफेचे गट अधिक बरे: ताज, तलवार, चंग नावाचे वाद्य, सफेद आणि सुर्ख ही नाणी. किंवा गावातल्याच वस्तूंचे गट करा: होडी, आंबा, बैल, घागर.

खेळ

परंपरेने दशावतारी गंजिफा बहुधा तिघे खेळतात, प्रत्येकी चाळीस पाने. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. मुलांना हा नियम विलक्षण आवडतो. डाव मांडण्याआधी ती खिडकीबाहेर बघून येतात. सोप्या खेळात पहिल्याने टाकलेल्या रंगाचेच पान इतरांनी टाकायचे आणि मोठ्या पानाने हात उचलायचा. मूळ खेळात अर्ध्या गटांत आकड्यांचा क्रम उलटा असतो: राजा आणि प्रधानानंतर एक्का मोठा, दश्शी सगळ्यात लहान. ही गंमत मुले जरा मोठी झाल्यावर सांगावी.

पाने ठेवायला

जुन्या गंजिफा रंगवलेल्या लाकडी डब्यांत ठेवत. घरी मिठाईचा खोका चालतो. त्याचे झाकण मुलाने रंगवावे. छपाईची फाइल जपून ठेवा. पाने हरवणारच, आणि हरवलेले एक पान पुन्हा छापून, जुन्याशी रंग जुळवून भरून काढणे हा त्या दुपारचा वेगळा उद्योग होतो.